गिळलेला खोकला

दुपारी जेवायला गिरणी बंद झाली आणि आत राहिलेलं फावडं आणायला मुकादम फरगलीने अबानूबला पिटाळलं. इजिप्तमधल्या मिन्याच्या डोंगरातला पांढरा दगड दळणारी ती गिरणी. शाळा सोडून अबानूब इथे आला, पण खडूची भुकटी काही त्याला सोडेना.

त्याचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. रोज फाटकाशी हंगामी माणसांची रांग लागायची. मुकादम एकेकाला छाती भरून श्वास घ्यायला लावायचा. जो खोकला, तो घरी. म्हणून सगळे जिभेखाली साखरेचा खडा धरून उबळ गिळायचे. आता अबानूबसुद्धा. ही अक्कल वहबामामाची. मामा त्याच्या जन्माआधीपासून हंगामीच होता. आज सकाळी रांगेतच दोघांची जुंपली होती.

"मामा, रक्त पडतंय तुला. दवाखान्यात चल."

"आणि माझी जागा कोण धरेल, तुझा बाप? एक दिवस चुकलो की संपलं."

"मेलास तर?"

"आधी कायम होऊ दे, मग मरतो निवांत. खडा चोख, शहाण्या."

सगळ्या म्हाताऱ्यांनी माना खाली घालून खोकला गिळला, आणि वर पोरांनाही तेच शिकवलं!

गिरणीत भुकटी अजून तरंगत होती. पुढचं दिसेना. ओल्या चुन्याचा वास नाकात बसला. यंत्र थांबलं होतं, तरी कसला तरी आवाज येत होता...

खोकला. या कोपऱ्यातून, मग त्या कोपऱ्यातून. कितीतरी माणसं बेंबीच्या देठापासून, मनसोक्त खोकत होती. त्यातला एक खोकला ओळखीचा. दोन तुटक, एक लांब, आणि शेवटी, "माते मरियम..."

"मामा? बाहेर ये."

सगळं एकदम थांबलं. मग अगदी कानाशी कुजबुज आली. "हळू... मुकादम ऐकेल..."

अबानूब धूम बाहेर पळाला. मामा भिंतीशी उन्हात बसून रोटी आणि खारं चीज खात होता.

"भूत बघितलंस का रे?"

"तू... आत होतास?"

"मी मघापासून इथंच. पण छाती बघ कशी मोकळी झालीय! एक उबळ नाही."

"मग चल ना दवाखान्यात!"

"बरं वाटतंय तर दवाखाना कशाला, गाढवा?"

संध्याकाळी मामा पोत्यांना टेकून बसला तो उठलाच नाही. मरतानासुद्धा खोकला नाही.

मामाला पुरलं, आणि पुढच्या सकाळी अबानूब फाटकाशी उभा राहिला. साखरेचा खडा त्याने सगळ्यांदेखत थुंकला. आज मुकादमाच्या तोंडावर खोकायचं, मग काम गेलं चुलीत. त्याने छाती भरून श्वास घेतला. जोर लावला. पुन्हा लावला.

काहीच आलं नाही. छाती मोकळी होती.

"शाबास! मामाचं नाव काढलंस," मुकादम म्हणाला. "जा आत."

गिरणीचं दार अजून बंद होतं. अबानूब दाराशी पोचला तेव्हा आतून खोकला आला. कोवळा, नवा. आवाज त्याचाच.

आणि त्याला कुणीतरी मायेने दटावत होतं. "हळू, भाच्या... हळू..."