ब्रेक धरतो

स्वराज, मोटारसायकल उतारावर लावून मागं न बघता आत आलास ना? जा, आधी चाकाला दगड लाव. लावलास? मग बस. साधना, तूही बस गं. अंधार पडलाय, भात शिजायला वेळ आहे, तोवर माझ्या भाच्याचं, कारभारीचं, ऐका. ऐकीव नाही हे. कारभारीनं ह्याच ओट्यावर बसून सांगितलं, आणि तो सांगत होता तेव्हा मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. खोटं बोलणाऱ्याचं तोंड मला कळतं.

मखमलाबादच्या पुढं त्यांचा मळा. झेंडू, मेथी, कोथिंबीर. सगळं पंचवटीच्या बाजारात जायचं. दोन हजार चोवीसच्या गणपतीत कारभारीनं एक जुनं खोदायचं मशीन घेतलं. पिवळं, पुढं मोठी बकेट, मागं खोदायचा हात. कंपनी कुठलीही असो, आपल्याकडं त्याला जेसीबीच म्हणतात. हे कुठल्या भलत्याच कंपनीचं होतं, नावसुद्धा उडून गेलेलं. मशीन कामाला चांगलं. खोट एकच. पार्किंग ब्रेक धरत नव्हता. विकणाऱ्यानं तसं तोंडावर सांगितलं होतं, "उतारावर लावलं की बकेट जमिनीला टेकवायची. मग कुठं जात नाही."

कारभारी म्हणाला, दिवाळी झाली की करून घेऊ. घरात मात्र अवाक्षर बोलला नाही. बायकोला, छायाला, तर नाहीच. बायकांना काय कळतं मशीनमधलं! अरे, सांगितलं असतं तर कळलं असतं. आणि कळलं असतं तर जगली असती.

दसऱ्याला पूजा. मशीन धुऊन दारात उभं केलेलं, तिथंच थोडा उतार. छायानं आपल्याच मळ्यातल्या झेंडूचा हार बकेटीला बांधला. चैताली, त्यांची मुलगी, कॉलेजात शिकते, ती मोबाइल धरून उभी.

"पप्पा, बकेट वर घ्या ना, हार दिसतच नाहीये!"

बापानं घेतली. पार वर. ब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, खाली उतरला. छाया लिंबं घेऊन चाकापाशी वाकली. चार चाकांना चार लिंबं ठेवतात ना, तशी. तीन ठेवून झाली होती.

लोक म्हणाले, देवाची मर्जी. देवाला दुसरी कामं नाहीत? कारभारी म्हणाला, ब्रेक अचानक गेला. चैतालीनं ते खरं मानलं. पण बकेट वर घ्यायला मीच सांगितलं, हे तिच्या डोक्यातून जाईना. पोरगी ताटावर बसायची आणि तशीच उठायची. मोबाइलवर तिनं पुन्हा एकही फोटो काढला नाही. रात्री झोपेत म्हणायची, "नको वर घेऊ, नको वर घेऊ." बाप शेजारच्या खोलीत जागा असायचा. ऐकायचा. एका वाक्यानं पोरीचं ओझं उतरलं असतं. पण ते वाक्य त्याच्या तोंडून निघेना.

आणि एक नवल झालं. त्या दिवसापासून मशीन उतारावर हलेनाच. ब्रेक ओढला की जागच्या जागी. कारभारीला वाटलं, ओढाताणीत कुठलातरी भाग आपोआप बसला असेल. पण ते दारात बघवेना, म्हणून विकायला काढलं. घोटीचा ज्ञानेश आला. भातशेतीवाल्याचा मुलगा, संपदाशी लग्न होऊन सहाच महिने झालेले. त्यानं मशीन चढावर लावलं, बकेट वर ठेवली, खाली उतरून दोनदा धक्का मारला.

"मामा, ब्रेक तर लय भारी धरतो!"

"धरतो," कारभारी म्हणाला. दसऱ्याचं काही बोलला नाही.

मशीन पोचवायला निघाले ती तारीख अठरा डिसेंबर. बुधवार, संकष्टी. त्र्यंबकवरून घोटीकडं डोंगरातून रस्ता जातो, त्या रस्त्यानं. ज्ञानेश मागं मोटारसायकलवर. पावणेआठ वाजले होते, चंद्र उगवायला अजून तासभर होता. एका उतारावर ज्ञानेशनं पुढं येऊन हात केला.

"थांबा मामा. खालनं कायतरी घासतंय रस्त्याला."

कारभारीनं मशीन कडेच्या मुरमावर घेतलं. ब्रेक ओढला. इंजिन बंद. बकेट वरच राहिली. टेकवायची सवयच मोडली होती ना आता. ज्ञानेश मोबाइलचा उजेड घेऊन खाली शिरला.

"संपदा उद्या मशीनची पूजा करणार हाय, मामा. सकाळपासनं तिच्या मैतरणींना फोन चालल्यात. आमच्या लग्नाला इतकी नटली नव्हती..."

मग त्यानं उजेड एका जागी धरला.

"मामा, ही तार पार्किंग ब्रेकची ना?"

"काय झालं?"

"तुटलीय. लोंबतीय खाली."

"आत्ता तुटली असंल."

"नाय ओ. टोकाला गंज चढलाय. लय दिवसांची हाय."

...

"मामा... मग मशीन उभं कसं हाय?"

कारभारी पुढच्या चाकापाशी उभा होता. वारा नव्हता. रस्त्याला कुणी नव्हतं. इंजिन गार होताना टिकटिक करतं, तेवढाच आवाज.

आणि दुसरा एक.

श्वासाचा.

भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चढ चढताना बाईचा श्वास लागतो ना, तसा. तुटक. दातांवर दात रोवलेला. चाकाच्या पुढून येत होता. तिथं कुणी नव्हतं.

"अहो..."

कारभारीनं आवाज ओळखला.

"अहो... किती वेळ... धरू?"

मशीन थरथरलं. चाक बोटभर पुढं सरलं. थांबलं.

"ज्ञानेश, बाहेर ये."

"थांबा ना, जरा बघतो..."

"बाहेर ये म्हणतो ना!"

पाय धरून ओढला त्याला. खरचटलं बिचाऱ्याला, शर्ट फाटला. मग कारभारी वर चढला आणि दांडा ढकलला. बकेट धाडकन जमिनीवर आली. मशीन वीतभर सरकून तिच्यावर रेललं. थांबलं.

"टेकवली, छाया. सोड आता."

श्वास चालूच.

"टेकवली गं... सोड..."

चालूच. तसाच. ओझ्याखालचा.

ज्ञानेश दूर जाऊन मोटारसायकल घट्ट धरून उभा होता. त्यालाही ऐकू येत होतं का? मी विचारलंय त्याला. तो उठून आपल्या मोटारसायकलच्या चाकाला दगड लावायला जातो.

मग कारभारीला उमगलं. मशीन टेकलं होतं. दुसरं ओझं, पोरीच्या डोक्यावरचं, टेकलं नव्हतं. त्यानं खिशातून फोन काढला. चैतालीला लावला.

"बेटा, बकेट वर घ्यायला सांगितलंस, त्यात तुझा दोष नाही. ब्रेक अचानक गेला नव्हता. तो धरत नाही, हे मला घेतल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी लपवलं."

पलीकडून एकच प्रश्न आला.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

फोन बंद झाला.

आणि चाकापुढचा तो श्वास एकदा लांब सुटला. डोक्यावरचं ओझं उतरल्यावर सुटतो तसा. मग नुसता डोंगर, आणि अंधार.

चैताली आता दोन वेळा नीट जेवते. बापाशी बोलत नाही. बोलावं की नाही हे मी तिला सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही सांगायला जाऊ नका.

त्या रात्री दोघं तिथंच बसून राहिले. कारभारीनं ज्ञानेशला सगळं सांगितलं, व्यवहार मोडला. उजाडल्यावर घोटीचा मिस्तरी आला. बकेट आणि पुढचं चाक यांच्या मधे वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"ह्ये काय?"

मुरूम तिथला असा कडक की पहार उडते. त्यात दोन पावलं उमटली होती. बाईची. तोंड मशीनकडं. टाचांचा मागमूस नाही, चवडे मात्र चार बोटं खोल रुतलेले. अंगठ्याशेजारच्या बोटाला जोडव्याचा वळ. तिथवर आलेलं पाऊल नाही, तिथून गेलेलं नाही.

डिसेंबरची सकाळ. गवतावर दव गोठल्यासारखं पडलेलं. कारभारीनं खाली बसून एका पावलात हात घातला.

आतली माती कोमट होती.