पाकिटातल्या तीन बिया

नऊ बिया पेरल्या, एकही उगवली नाही. आता उरल्या तीन. जगात कुठेच त्या झाडाची चौथी बी नव्हती!

मी ऋजुता, इयत्ता सातवी, साल २०७१. झाड होतं नारवे बेटावरचं, कण्हेरीच्या कुळातलं (पान तोडलं की दूध गळतं ते कूळ). ते बेट बुडून वीस वर्षं झाली. आजोबांनी तरुणपणी तिथून आणलेली एक फांदी तेवढी वनस्पतिसंग्रहात (जिथे झाडं दाबून, वाळवून कागदावर चिकटवतात) राहिली होती. कागदावरच्या पाकिटात बारा बिया होत्या. रेशमी शेंडीसकट, अगदी ताज्या दिसणाऱ्या. मग घोडं अडलं कुठे?

कागदावरची चिठ्ठी पार पुसट झालेली. संग्रहातल्या 'चिमटा' नावाच्या यंत्रमानवाने ती अतिनील प्रकाशात (आपल्याला न दिसणाऱ्या प्रकाशात) वाचली.

"हवा दमट. बुरशीची भीती. फांदी स्पिरिटमध्ये भिजवली."

आजोबा चिठ्ठीवर वाकले. "विसरलोच होतो गं! तिथे पाऊस थांबेचना. सगळं कुजलं असतं. आम्ही झाडं गोळा करणारे सगळेच तसं करायचो."

"पण बियांना काय झालं?"

"बी जिवंत असते, ऋजू. आत अंकुर (इवलंसं रोप) झोपलेला असतो. स्पिरिट पेशींतलं पाणी ओढून घेतं. बुरशी मरते, तसा अंकुरही मरतो. पान मात्र टिकतं."

"म्हणजे तुम्हीच मारलंत!"

"हो."

खरं सांगते, मला दया नाही आली, रागच आला. मी कागद ढकलला, तेव्हा फांदीवरच्या फळाच्या देठाशी तुटल्याची खूण दिसली.

"हे जोडफळ होतं? दुसरं कुठंय?"

"झाडावरच राहिलं. पिशवीत मावेना."

चिमटा म्हणाला, "त्या महिन्यात वारे पूर्वेकडे वाहतात. पूर्वेला एक उंच बेट अजून पाण्यावर आहे. शेंडीवाली बी तिथवर उडण्याची शक्यता शंभरात दोन."

"दोन तर दोन! पण ते तेच झाड आहे, हे ओळखणार कसं?"

"याच कागदावरून," आजोबा म्हणाले. "पान, फूल, फळ ताडून पाहायचं. यासाठीच तर मेलेली फांदी जपतात."

तिन्ही बिया मी पाकिटात परत ठेवल्या.

त्या पूर्वेच्या बेटाकडे बोट सुटायच्या दिवशी आजोबांनी सवयीने पिशवीत स्पिरिटची बाटली टाकली. मी ती त्यांच्यासमोर मोरीत उपडी केली. रिकाम्या पिशवीत त्यांनी जिवंत रोपासाठी ओली माती भरायला घेतली.