गौरम्माची घागर

लातूर जिल्हा होऊन चार उन्हाळे झाले होते. कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या. नळ मात्र कोरडे ठाक. टँकर आला की शिवगंगा घरात असेल नसेल ते भांडं बाहेर काढायची. त्या दिवशी माळ्यावरून आईची तांब्याची घागर निघाली. आई, रत्नम्मा, संक्रांतीच्या आधीच गेली होती.

चिंचेनं घासता घासता काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उजळली. 'चि. गौरम्मा महादेवप्पा, मुखेड.'

शिवगंगेचा हात थांबला. आईला माहेरच नव्हतं. लोह्याच्या बाजारात ही घागर कवटाळून एकटी बसलेली पोर शिवगंगेच्या आजीनं घरी आणली, रत्नम्मा म्हणून वाढवली आणि पुढं सून करून घेतली. कुठली, कुणाची, असं विचारलं की आई एवढंच म्हणायची, "आठवत न्हाई." आणि आता शिवगंगेच्या लेकीचं जमत आलेलं लग्न नेमकं तिथंच अडलं होतं. मुलाकडचे विचारत होते, मुलीच्या आईचं आजोळ कोणतं, घराणं कोणतं?

दुसऱ्या दिवशी घागर पोत्यात घालून ती मुखेडच्या एसटीत बसली. वाटभर तिला धड बसवेना. पदराची गाठ सोडायची, पुन्हा बांधायची.

मुखेडात भांड्यांच्या दुकानदारानं अक्षरं वाचली. "महादेवप्पाचं घर मागल्या गल्लीत. थोरली लेक शरणम्मा तेवढी हाय आता."

शरणम्मा सत्तरी ओलांडलेली, ताठ. तिनं घागरीवरून हात फिरवला. बुडाच्या पोच्यावर बोटं थांबली.

"माझ्या धाकट्या बहिणीची ही. कुठं गावली?"

"माझ्या आईची हाय. म्हणजे तुम्ही माझ्या मावशी. आजोळ सांगता येत न्हाई म्हणून लेकीचं लग्न अडलंय."

शरणम्मा हसली नाही.

"गौरी आठ वर्षांची असताना हिरीत पडली, बाई. ह्याच घागरीसंगं. तिला वर काढलं, घागर तळालाच ऱ्हायली. शेतात माती दिली. म्या तिथंच हुते."

"मग घागर कुणीतरी काढून विकली असंल. आई दुसरीच कुणीतरी..."

"हीर यंदा पहिल्यांदा आटली. त्याआधी कुणी तळ बघितला न्हाई."

बाहेर ऊन रणरणत होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

शरणम्मानं शिवगंगेची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. बराच वेळ बघत राहिली.

"आमच्याच घरची हायस तू," ती म्हणाली. "सोयऱ्यांना सांग, माझं आजोळ मुखेडचं. म्या येते लग्नाला."

शिवगंगा पाया पडून उठली. उंबऱ्यापाशी शरणम्मानं तिचा हात धरला.

"एक इचारू? तिचे केस वाळायचे का?"

"म्हणजे?"

"माती द्यायच्या आधी म्या लई पुसले. दोन लुगडी भिजली. वाळलेच न्हाईत."

शिवगंगेची बोटं पदराच्या गाठीकडं गेली.

ऐन वैशाखातसुद्धा आईची उशी रोज सकाळी उन्हात घालावी लागायची. लहानपणापासून ते काम शिवगंगेकडंच होतं.