तेल पाजलेली होडी

बामणोलीच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच आता हिंदकळत नसे. वारा कितीही सुटो, म्हाताऱ्यांचा चहा बशीत सांडत नसे, आणि लाँचवाल्याशी भांडायचं एक हक्काचं कारण गावानं कायमचं गमावलं होतं. ही किमया होती ‘जागृत त्वचे’ची. गावात तिला नुसतं ‘साल’ म्हणत. होडीच्या बुडाला चढवलेलं हे पातळ आवरण पाण्याचा दाब क्षणोक्षणी ओळखायचं आणि स्वतःच बारीक घड्या पाडून होडी सरळ ठेवायचं.

हेमांगी तांडेलला नेमकं तेच नको होतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिनं ठरवलं होतं, एकटीनं कॅनू वल्हवत कोयनेच्या जलाशयात आत, जंगलाच्या बाजूला जायचं, तीन रात्री काठावर काढायच्या आणि आपल्या हातांनी परत यायचं. तिचे वडील दाभोळच्या खाडीत ‘तर’, म्हणजे माणसं पलीकडे पोचवणारी होडी, चालवायचे. भावाला त्यांनी लहानपणीच वल्हं दिलं आणि हिला काठावर टोपल्या राखायला बसवलं. ते तिच्या मनात काट्यासारखं रुतून राहिलं होतं.

तिचा नवरा निरंजन ही साल बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. कॅनू त्यानंच आणली, सालीसकट, कारण बिनसालीची होडी आता मिळतच नव्हती. हेमांगीनं एकच अट घातली होती, की साल झोपवायची. त्यानं तिच्यासमोर किल्ली फिरवली आणि म्हणाला, आता तू जाणे आणि पाणी जाणे.

पहिल्या दिवशी ती जागच्या जागी गोल फिरली. दुसऱ्या दिवसापासून मात्र होडी सरळ जायला लागली. निरंजन काठावरून म्हणायचा, रक्तातच आहे तुझ्या. स्कूटर शिकवतानाही तो असंच म्हणाला होता, आणि खरंच ती कधी पडली नव्हती. हिवाळाभर सराव झाला. ओसरीवर तंबू, सुके बोंबील, तांदूळ, दोर असा पसारा मांडला गेला. तिनं फुशारकीनं वडिलांना फोन केला. आयुष्यात कधी कौतुक न केलेल्या त्या माणसानं सगळा बेत दोनदा विचारून घेतला.

“तेल पाजल्याशिवाय होडी लांब नेव नको गो,” ते शेवटी म्हणाले. “तुला तवा काठावर ठेवली, माजा चुकलाच.”

फोन ठेवून ती रडली. असं रडायलाही नशीब लागतं.

वडिलांनी पाठवलेला डबा आला. काजूच्या टरफलांचं काळं, झोंबणारं तेल. खाडीतली माणसं लाकडी होडीला हे पाजल्याशिवाय पाण्यात घालत नाहीत. निरंजननं नाक मुरडलं. सालीमुळे लाकडाला पाणी लागतच नाही, मग तेल कशाला, राहू दे, असं त्यानं दोनतीनदा सांगितलं. तो सामान आणायला साताऱ्याला गेला तशी तिनं होडी पालथी घातली. डावी बाजू तेलानं माखून झाली आणि डबा संपला. वडिलांकडून आणखी तेल येईपर्यंत जरा फिरून येऊ, म्हणून तेल सुकल्यावर तिनं होडी पाण्यात ढकलली.

होडी डावीकडे गेली. तिनं वल्हं सावरलं, तरी होडी डावीकडेच. घामाघूम होऊन ती कशीबशी काठाला लागली आणि तिनं होडी कलती केली. तेल माखलेली डावी बाजू बधिर होऊन निपचित पडली होती. उजवी बाजू मात्र, माशी बसल्यावर गाईची कातडी थरथरते तशी, अजून थरथरत होती.

जे झोपलंय ते थरथरत नसतं. एवढं कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

निरंजन परतला तेव्हा ती ओसरीवर बसली होती. तिनं फक्त साल जागी असल्याचं सांगितलं. त्यानं आधी, यंत्रात बिघाड असेल, असं म्हणून पाहिलं, मग हातातली पिशवी खाली ठेवली.

“पहिल्या दिवशी तुझा चेहरा पडला होता,” तो म्हणाला. “मला बघवेना. दुसऱ्या दिवशी मी किल्ली परत फिरवली. तुझ्या काळजीपोटीच ना गं?”

“आणि मी एकटी जंगलात गेले असते तर?”

“साल होतीच की तुझ्याबरोबर.”

म्हणजे ती एकटी जाणारच नव्हती. केसानं गळा कापल्याची कळ तिला छातीत जाणवली. हिवाळाभर तिनं पाणी कापलंच नव्हतं, कुणीतरी तिला बोटाला धरून फिरवलं होतं. आणि त्या खोट्यावर विसंबून एका म्हाताऱ्यानं जन्मभराची चूक कबूल केली होती. ती कबुली आता तिनं ठेवायची कुठे? वडिलांना काय सांगायचं?

ती उठली. होडीपाशी जाऊन तिनं किल्ली फिरवली, उजवी बाजू निपचित होईपर्यंत तळव्यानं चाचपून पाहिली आणि किल्ली काढून कनवटीला लावली. जायचा दिवस पुढे ढकलला, जायचा बेत मोडला नाही. होडी पुन्हा पाण्यात घालून ती गोल फिरली, खडकावर आपटली, गुडघा फोडून घेतला आणि पुन्हा वल्हं उचललं. काठावर निरंजन घाबरून उभा होता, पण तिनं एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही.

पाण्यातून घरी परतल्यावर मात्र ती अंगणातल्या स्कूटरशी थबकली.

“निरंजन,” तिनं शांतपणे विचारलं, “ही शिकताना मी एकदाही का पडले नाही?”