आल्त्येच्या वाटणीचा मासा

आमच्या खाडीच्या पाण्यात पारा जवळजवळ सापडतच नाही. सापडतो तो शेवाळात. डोंगरावर सोनं वेगळं करताना वापरलेला पारा नदीतून उतरतो. डोळ्यांना न दिसणारं हे शेवाळ तो पाण्याच्या लाखपट साठवतं. मग कोळंबी, मग लहान मासा, मग आमच्या ताटातला ट्यूना. सुलावेसीच्या या किनाऱ्यावर बारीक जाळीनं हे शेवाळ तपासणीसाठी गोळा करणं ही माझी नोकरी. त्यामुळे धाकट्या भावाची, नोल्दीची बायको आल्त्ये गरोदर आहे असं कळताच मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन धडकले.

"मोठा मासा बंद. पारा बाळाच्या मेंदूत जातो."

"मी कुठे खाते, ताई? माझ्या वाटणीचा आजी खातात."

"कोण आजी?"

"मागच्या दारी येतात. नेसलेलं सारोंग नेहमी ओलं. 'तुझा मला दे गं,' म्हणतात. यांना सांगू नका हं, म्हणतील भिकारणीला पोसतेय."

गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या मी ओळखते. अशी कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिथेच बसले. आल्त्येनं पायरीवर भात आणि तळलेला मासा ठेवला. मांजर आलं, ताटापाशी थबकलं आणि पाठ फुगवून मागे सरकलं. चुलीवर भात उतू गेला म्हणून मी क्षणभर वळले.

ताट रिकामं होतं. काटे धुतल्यासारखे स्वच्छ.

कडक उन्हात पायरी ओली होती.

मी आम्हा तिघांचे केस तपासायला पाठवले. नोल्दीच्या आणि माझ्या केसांत पारा भरपूर निघाला. आल्त्येच्या केसांत नाही. टोकांमध्येही नाही, आणि टोकं म्हणजे सर्वांत जुने केस. लग्नाआधी खाल्लेल्या माशांचा तरी असायला हवा होता.

मुलगी झाली. टाळीला दचकली, दिव्यामागे नजर फिरवली, माझं बोट घट्ट धरलं. डॉक्टरीणबाई हसल्या. नोल्दी बाहेर जाऊन रडला, मी तिथेच. कित्येक महिन्यांनी छाती भरून श्वास घेतला.

बाप्तिस्म्याच्या दिवशी मी एक ताट वाढून मागच्या दाराकडे निघाले. कुणी का असेना, आभार मानायचे होते.

"इथे नको, ताई," आल्त्ये म्हणाली. "आजी काल निरोप घेऊन गेल्या."

"कुठे?"

"तुमच्याकडे. आता तिथे गरज आहे म्हणाल्या. कसली हो?"

मी ताट घेऊन माझ्या घराच्या मागच्या दाराकडे निघाले. तोवर मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.