खुर्चीतलं उड्डाण

खुर्चीत बसून विमान उडवायचं असतं, हे मला कॅप्टननी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसले होते. कॅप्टन म्हणजे आमच्या फ्लाइंग क्लबचे मुख्य शिक्षक. सगळे त्यांना कॅप्टनच म्हणतात, बहुधा त्यांच्या घरचेसुद्धा. मी दातांची डॉक्टर. लोकांच्या उघड्या तोंडात डोकावण्यात वीस-बावीस वर्षं घालवल्यावर आकाशात डोकावावंसं वाटलं, एवढंच. नवरा म्हणतो, हिला नसत्या ठिकाणी नाक खुपसायची खोडच आहे. खोटं नाही ते.

तर त्या दिवसांत माझ्या पहिल्या लांबच्या एकट्या उड्डाणाची तयारी चालली होती. आमच्या धावपट्टीवरून निघायचं, मोठ्या धरणावरून पुढे एका लहान विमानतळावर उतरायचं, तिथून समुद्राकाठच्या दुसऱ्या विमानतळावर जायचं आणि तिथून परत. शेजारी शिक्षक नाही, कोणी नाही. हे झालं की लायसन्स जवळजवळ हातात. आदल्या वर्षी, कॅप्टन रजेवर असताना, मी ते करायला निघाले होते आणि धरणाच्या अलीकडेच रस्ता चुकून, रडकुंडीला येऊन परत फिरले होते. त्यात आता डोळ्यांचा नंबर दर तपासणीला वाढत होता. या वेळी जमलं नाही तर पुन्हा कोणी परवानगी देणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं आणि घरातही सगळ्यांना माहीत होतं.

कॅप्टनचा नियम असा: एकटं सोडण्याआधी ते उड्डाण तीन वेळा खुर्चीत करायचं. मांडीवर नकाशा, डोळे मिटलेले, हात जणू स्टिअरिंगवर. घाई करायची नाही. खऱ्या उड्डाणाला जेवढा वेळ लागेल तेवढाच खुर्चीत लावायचा. रेडिओवर जे बोलायचं ते मोठ्यानं बोलायचं, आणि दुसऱ्या कोणीतरी विमानतळाचा टॉवर होऊन उत्तरं द्यायची. तीही दुसऱ्या खोलीतून, कारण टॉवरचा माणूस कधी दिसत नसतो, फक्त ऐकू येतो.

आमच्या घरी टॉवर नवऱ्याशिवाय कोण होणार! एका रविवारी दुपारी तो स्वयंपाकघरात भाजी निवडत बसला, समोर मी लिहून दिलेला उत्तरांचा कागद. मी मागच्या खोलीत पडदे ओढले आणि खुर्चीत बसले.

"काय गं, टॉवरला चहा मिळतो का मधे?"

"विमान सोडून टॉवर चहा पितो? मेलेच मग मी!"

हसून झालं आणि मी डोळे मिटले.

सुरुवातीला खुर्ची ही खुर्चीच असते. पाठीला उशी टोचते, शेजारच्यांचं कपडे धुवायचं मशीन घरघरतं. पण मन लावलं की हळूहळू ती घरघर इंजिनाची व्हायला लागते. धावपट्टी मागे पडली, गाव मागे पडलं, विटभट्ट्यांचा धूर उजव्या हाताला आला. मी बोलत होते, स्वयंपाकघरातून उत्तरं येत होती. पुढे पुढे तर मला विमानाच्या पेट्रोलचा वाससुद्धा यायला लागला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

धरणावर आल्यावर मी नेहमीप्रमाणे कळवलं: मी कोण, कुठे, किती उंचीवर, पुढे कुठे.

उत्तर जरा उशिरा आलं. "ठीक आहे. तुमच्या पुढे एक विमान आहे. दिसतंय?"

हे कागदावर नव्हतं. नवऱ्याला नाटकाची हौस. म्हटलं, चला, तेवढाच सराव. मी मिटल्या डोळ्यांनीच समोर पाहिलं, आणि खरंच दिसलं. डावीकडे, जरा खाली, एक लहान पिवळं विमान. उन्हात त्याचा पंख एकदा चमकला.

"दिसतंय," मी म्हटलं.

"मग या त्याच्या मागे."

मी गेले. ते माझ्या आखलेल्या रेषेवरून बाजूला सरकत होतं, टेकड्यांच्या दिशेनं. पाच-दहा मिनिटं मी त्याच्या मागे होते. मग बाहेरचं दार वाजलं आणि माझी तंद्री मोडली. नवरा दोन्ही हातांत वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन उभा.

"वारा सुटला गं, कपडे उडायला लागले. म्हणून मघाशीच गच्चीवर गेलो. तू आपली डोळे मिटून बसलेली, म्हटलं कशाला त्रास द्या. कुठपर्यंत पोचलीस?"

"धरणापर्यंत... तू कधी गेलास गच्चीवर?"

"विटभट्ट्यांनंतर लगेच."

मी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. निवडलेली भाजी, कागद, बंद खिडकी. वास मात्र पेट्रोलचाच होता. नवऱ्याला म्हटलं, "तुला वास येतोय का कसला?" तो म्हणाला, "भेंडीला कसला वास?"

आता दुसरं कोणी असतं तर घाबरलं असतं. मलाही घाबरायला हवं होतं. पण खरं सांगते, त्या रात्री मी झोपले नाही ती भीतीनं नव्हे. त्या पिवळ्या विमानात कोण होतं, हाच किडा डोक्यात वळवळत होता.

म्हणून दुसऱ्या वेळी नवऱ्याला मी मुद्दामच बाहेर पाठवलं. "टॉवरला सुट्टी," म्हटलं. घरात मी एकटी. धरणापर्यंत स्वतःच प्रश्न, स्वतःच उत्तरं. धरणावर आल्यावर मी कळवलं आणि गप्प राहिले.

स्वयंपाकघरातून आवाज आला. दबका, पण स्पष्ट. "पुढे विमान आहे. दिसतंय?"

या वेळी ते बरंच जवळ होतं. शेपटीवरचा सोललेला रंग दिसत होता. मी थोडा वेग वाढवला असता तर काचेतून आतलंही दिसलं असतं. पण अंगावर सर्रकन काटा आला आणि मी डोळे उघडले. स्वयंपाकघरात जायचं धाडस मला संध्याकाळपर्यंत झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॅप्टनना सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसतील, नाहीतर सरळ परवानगी नाकारतील. ते हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडच्या, दारात उभे होते, हातात चहाचा कप.

"कोणत्या रंगाचं?" त्यांनी विचारलं.

"पिवळं."

कॅप्टननी कप खाली ठेवला, चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. मेकॅनिक कोणाला तरी हाका मारत होता. चष्मा कधीचाच स्वच्छ झाला होता.

"किती जवळ गेलात, डॉक्टर?"

"शेपटी दिसेपर्यंत."

"आत कोण आहे, ते दिसलं?"

"नाही."

"मग ठीक आहे. बघू नका." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तिसरं उड्डाण माझ्याबरोबर करा. आपली रेषा सोडायची नाही. कोणी काहीही सांगो."

"पण कॅप्टन, ते आहे काय?"

"बऱ्याच जणांना दिसतं. कोणी सांगत नाही. तुम्ही सांगितलंत, म्हणून मी तुम्हाला सोडणार आहे."

एवढ्यावर ते थांबले. मी दात उपटते. शब्द उपटायचा चिमटा मात्र माझ्याकडे नाही.

तिसरं उड्डाण क्लबच्या वर्गात झालं. कॅप्टन शेजारच्या ऑफिसातून उत्तरं देत होते. धरणावर आले, आणि ते पिवळं विमान आलं. मी आपली रेषा धरून राहिले. तेव्हा माझ्या एक लक्षात आलं. ते विमान मागे पडत नव्हतं, पुढेही जात नव्हतं. ते माझ्यासाठी थांबलं होतं. हवेत विमान थांबत नाही हो... थांबलं तर पडतं. ते मात्र थांबून होतं, वाट बघत. मी मान वळवली नाही. समुद्राकाठी उतरले, परत आले, डोळे उघडले. पाठ घामानं भिजली होती. कॅप्टननी परवानगीच्या कागदावर सही केली.

आणि मग खरा दिवस. सकाळची वेळ, आकाश धुतल्यासारखं. नवरा कुंपणाशी उभा राहून असा हात हलवत होता जणू मी परदेशी चालले होते. मला पांढरं विमान मिळालं होतं, शेपटीला निळा पट्टा. आधी तुमचा जीव भांड्यात पाडते: मी रस्ता चुकले नाही. धरण आलं, मी कळवलं, खऱ्या टॉवरनं नेमकं उत्तर दिलं. पुढे आकाश रिकामं होतं. मी अगदी निरखून पाहिलं. पिवळं काही नाही. हायसं वाटलं आणि, आता लपवू कशाला, थोडी निराशाही झाली. दोन्ही ठिकाणी उतरले, दोन्ही ठिकाणी शाबासकी मिळाली आणि परतीला निघाले. शेजारची सीट रिकामी, इंजिन सुरात. मी चक्क गुणगुणत होते.

संध्याकाळी मी उतरले तेव्हा नवऱ्यानं मला मिठी मारली आणि त्याचे डोळे भरून आले. कॅप्टननी हात पुढे केला. मग जरा बाजूला घेऊन विचारलं, "परत येताना कोणी बोललं का?"

"नाही," मी म्हटलं.

"मी पहिल्यांदा एकटा गेलो ते विमान पिवळं होतं," ते म्हणाले, आणि हँगरकडे निघून गेले.

मी त्यांना खोटं सांगितलं. खरं काय झालं ते आज पहिल्यांदा तुम्हाला सांगते आहे.

परतीच्या वाटेवर, धरणाच्या थोडं अलीकडे, हेडफोनमध्ये आवाज आला. तरुण मुलाचा, धीमा, पाठ केलेलं बोलल्यासारखा. रेडिओला असते ती खरखर त्याला नव्हती. त्याच्यामागे छताचा पंखा फिरत होता, कुठेतरी नळ ठिबकत होता. तो कळवत होता: मी कोण, कुठे, किती उंचीवर. उंची माझीच होती. जागाही माझीच.

मी मागे वळून पाहिलं. आकाश रिकामं. तो मागे कुठेतरी असेल तर मला धडकू नये, म्हणून मी रेडिओचं बटण दाबलं आणि विचारलं, "पुढे विमान आहे. दिसतंय?"

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय बोलले ते.

"दिसतंय," तो म्हणाला. "पांढरं. शेपटीला निळा पट्टा..." मग आवाज बदलला, माणूस खुर्चीतून मागे वळून बोलतो तसा. "ताई, हे कागदावर नाहीये हं. उगाच घाबरवू नकोस."

मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"जवळ आलोय मी. काच दिसतेय..." तो थांबला. "ताई, आत कोणी नाहीये."

"मी आहे," मी ओरडले. "मी इथे आहे! मी आहे ना आत!"

पंखा फिरत होता. नळ ठिबकत होता. आणि मग अगदी हळू, डोळे उघडलेल्या माणसाच्या आवाजात, तो म्हणाला, "ताई?... तू बाजारात गेली होतीस ना? आत कोण बोलतंय?"

मला फिनेलचा वास आला. कुणाच्या तरी नुकत्याच पुसलेल्या फरशीचा. इंजिनाचा आवाज लांब गेला. मी हाताकडे पाहिलं. हातात स्टिअरिंग नव्हतं. दाराची कडी होती, पितळेची, वापरून गुळगुळीत झालेली. दाराच्या पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि कोणीतरी श्वास रोखून धरला. त्याच्या घरातला तो परका आवाज मीच होते.

मला फक्त तो कोण आहे ते बघायचं होतं.

मी कडी काढली.