रिकाम्या जागेतली झील

या, अंमळ पुढे सरकून बसा. गोष्ट हळू आवाजातच सांगायची आहे. ओमानातली, पण आपल्याच माणसांची. देवाचं नाव घेऊन सुरू करू.

मस्कतच्या बाहेर माबेला म्हणून वस्ती आहे. भाडं जरा कमी, म्हणून आपली पुष्कळ कुटुंबं तिथं. वसुंधराही तिथलीच. नवरा प्रशांत सोहारच्या ॲल्युमिनियम कारखान्यात. आठवडाभर तिकडे राहायचा नि गुरुवारी गाडी हाकत घरी यायचा. लेक यशश्री सात वर्षांची, मराठी अडखळत बोलणारी.

त्या देशात पाऊस पाहुण्यासारखा येतो. पण हिवाळ्यात वादळ उठलं की डोंगरातलं पाणी सुटतं, आणि वादी, म्हणजे वर्षभर कोरडा असणारा दगडगोट्यांचा ओढा, बघता बघता दुथडी भरून वाहतो. गाड्या काड्यापेट्यांसारख्या वाहून जातात. सरकारी इशारा यायचा अरबीत नि इंग्रजीत. आपले वेल्डर, ड्रायव्हर, गवंडी तो वाचणार कधी? म्हणून वसुंधरा तो मराठीत करायची आणि स्वतःच्या आवाजात आपल्या लोकांच्या फोनवरच्या ग्रुपवर सोडायची.

पहिल्या खेपेला कुणी ऐकलं नाही. जवळच्या सीब गावातल्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, उस्मानचाचांचं मसाल्याचं दुकान होतं, मूळचे रत्नागिरीकडचे. ते म्हणाले, “पोरी, असं सुकं वाचलंस तर कोण थांबणार? गळा लाव की जरा!”

चाचा नमाज चुकवायचे नाहीत आणि वसुंधराच्या घरचं कीर्तनही चुकवायचे नाहीत. मागे भिंतीला टेकून झील धरायचे. बुवांनी ओळ सोडली की शेवटचे शब्द उचलून असे लांबवायचे की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. कुणी चिडवलंच, “चाचा, तुम्ही इकडे कसे?” तर म्हणायचे, “आवाज देणारा वर बसलाय. त्याला विचार.”

मग इशाराही तसाच होऊ लागला. वसुंधरा एक ओळ बोलायची, “वादीत गाडी घालू नका,” आणि चाचा मागून उचलायचे, “घालू नका, बाबांनो, घालू नका...” माणसं हसायची, पण ऐकायची. ऐकलं की ग्रुपवर एकच शब्द लिहायचा, ‘ऐकलं’. हा चाचांचा नेम. ज्याचा शब्द आला नाही, त्याला ते स्वतः फोन करायचे. वाटेतल्या ठिकाणांना नावंही त्यांचीच. माबेलाच्या मागच्या रस्त्यावर दोन गाफची झाडं शेजारी उभी आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी रस्ता वादीत उतरतो. तो उतार म्हणजे ‘जोडगाफ’.

एका उन्हाळ्यात चाचा झोपेतच गेले. सीबच्याच मातीत त्यांना ठेवलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यातला गुरुवार. दुपारीच आभाळ शिशासारखं झालं. समुद्राकडून ओल्या दोरखंडासारखा वास येत होता. प्रशांत सोहारहून निघाला होता. त्याचा फोन लागेना.

वसुंधरानं इशारा रेकॉर्ड केला. हायवेवरच्या प्रत्येक वादीचं नाव घेतलं. सवयीनं प्रत्येक ओळीनंतर थांबली, चाचांपुरती जागा सोडली. ऐकून बघितलं तर त्या जागांत नुसता पाऊस. पाठवला. थोडे ‘ऐकलं’ आले. प्रशांतचं आलं नाही.

पुन्हा केला. या खेपेला तिनं गळा लावला, जमेल तसा. ऐकून बघितलं. रिकाम्या जागांत पाऊस होताच, पण तो सुरात होता. पन्हळीतून पाणी पडावं आणि त्यात कुणी ओठ मिटून गुणगुणावं, तसा. तिला वाटलं, मनाचे खेळ. तोही पाठवला.

तिसऱ्या खेपेला यशश्री जमिनीवर चित्र रंगवत होती. रेकॉर्डिंग वाजलं तशी तिनं मान वर केली.

“आई, चाचांचा आवाज वेट... ओला का आहे?”

“कुणाचा गं?”

“चाचांचा. प्ले अगेन ना.”

वसुंधरानं पुन्हा लावलं. तिची ओळ आली: “पाणी असेल तिथं थांबा.” मग जागा. आणि त्या जागेत, दुरून, ओल्या मातीतून यावा तसा आवाज:

“जोडगाफ... उतरू नको, बाबा, उतरू नको...”

तिनं जोडगाफचं नाव घेतलंच नव्हतं. प्रशांत त्या रस्त्यानं कधी येत नसे.

तिचा अंगठा पाठवायच्या बटणावर थांबून राहिला. गेलेल्या माणसाचा आवाज ग्रुपवर सोडायचा कसा? दाबवेना. फोन तिनं देवापुढे पालथा ठेवला आणि हात जोडून बसली.

दिवेलागणीला दार वाजलं. प्रशांत. गुडघ्यापर्यंत चिखल.

“हायवे तुंबला होता गं. म्हणून मागच्या रस्त्याला लागलो. पाणी दिसतच नव्हतं, उतारावर गाडी घातलीच होती.” तो खाली बसला. “बरं झालं तू चाचांचा जुना आवाज जोडलास. ब्रेक मारला, आणि समोरून गाफचं एक झाड आडवं वाहत गेलं.”

“कुठे ऐकलास?”

“गाडीत. फोनवर असेल.”

त्यानं खिशातून फोन काढला. चार्जिंग संपून केव्हाच बंद पडलेला होता.

वसुंधरा उठली. देवापुढचा आपला फोन उचलला. तिसरं रेकॉर्डिंग तसंच होतं, न पाठवलेलं. तिनं ते कानाला लावलं.

तिची ओळ. चाचांची झील.

मग शेवटची जागा, जी तिनं मघाशी ऐकलीच नव्हती. गाडीचे वायपर घासत होते. आणि प्रशांतचा आवाज, दमलेला, अगदी जवळून:

“ऐकलं, चाचा.”

तर मंडळी, उस्मानचाचांची आठवण ठेवा. परमुलखात पावसानं गाठलं, तर त्यांचं नाव घ्या. आणि तुमच्या बोलण्यामागून कुणी शेवटचे शब्द उचललेच, तर वळून बघू नका. तेवढं ‘ऐकलं’ म्हणा.